किल्लीवाल्याचं नाक

माझे मामा चाळीस वर्षं किल्ल्या बनवतात. जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. एक शिकंजा, तीन कानशी, भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि गिऱ्हाइकाला टेकायला एक स्टूल. कुलपांच्या संगतीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण त्यांचा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी तेलवाला बदलला. कुलपात सोडायच्या तेलाला वासच नाही, म्हणजे नक्की भेसळ. मग साबण बदलला. एकदा मामीने करपलेलं दूध मुद्दाम पुढे ठेवलं. मामा ते निमूट प्यायले. तेव्हापासून मामीच्या मनात पाल चुकचुकत होती.

यंदा उजवा हात थरथरू लागला. शेजारच्या शिंपिणीच्या कपाटाची किल्ली मामांनी तीनदा कापली, तिन्ही वेळा ती अडली. दोष अर्थातच कोऱ्या किल्ल्यांचा.

मामी त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली. पार्किन्सन आहे म्हणाल्या आणि गोळ्या लिहून दिल्या. वास जाणं ही त्याचीच सुरुवात असू शकते, हेही सांगितलं. मग एक लांब काडी काढली.

"संशोधनासाठी नाकातला नमुना हवाय, काका. द्याल?"

"थरथरतो हात आणि काडी नाकात?"

"नाकातल्या काही जिवाणूंचा या आजाराशी संबंध असावा, असा संशय आहे. सिद्ध काहीच झालेलं नाही."

नमुना मामांनी दिला नाही. संशय मात्र सोबत घेऊन आले.

"चोर नाकातून शिरलाय," त्यांनी घरी जाहीर केलं.

दिवसातून सहा वेळा मिठाच्या पाण्याने नाक धुणं सुरू झालं. दोनदा घोळणा फुटला. हात होता तसाच. महिन्याभराने मामीने दुकानातला खण उघडला, तर गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी.

"अहो, हे काय?"

"आधी चोराला हाकलू दे. मग गोळ्या लागतीलच कशाला?"

मामी स्टुलावर बसली. "चोराने कुणाचं कुलूप फोडलं, तर तुम्ही काय करता? चोर सापडेपर्यंत दार उघडं ठेवायला सांगता?"

मामांनी कानशीवरचा कीस झटकला. मग पाणी मागितलं.

गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला, तेव्हा त्यांनी शिंपिणीची किल्ली पुन्हा कापायला घेतली. हात थोडा हलत होता, पण कानस हवी तिथेच फिरत होती. किल्ली कुलपात गेली आणि फिरली. मामांनी ती आणखी दोनदा फिरवून पाहिली.

"या खेपेला माल बरा आलाय," ते म्हणाले.

"असं? मग उद्यापासून गोळ्या बंद करू या."

मामा घड्याळाकडे बघत होते. दुपारच्या गोळीची वेळ झाली होती.

"नको," ते म्हणाले. "मालाचा काय भरवसा?"