बिनकांद्याच्या शेवया

दाजीबा गेल्याचा सांगावा आला तेव्हा मी गोठ्यात होतो, आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी राग आला. सत्तरी गाठलेला माणूस, साध्या तापाचं निमित्त झालं, त्यात कुणाचा काही इलाज नव्हता. पण जाण्याआधी एक गोष्ट त्याच्या हातची होती, ती त्यानं केली नाही. महिना होत आला, अजून मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडतोच आहे.

दाजीबाचं अन् माझं गाव एकच, कळमनुरीच्या अलीकडं. हळद घेऊन आम्ही दोघं एकाच बैलगाडीनं हिंगोलीच्या बाजाराला जायचो. त्याची एकुलती एक लेक गोदा तिथंच दिलेली. जावई मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहायचा. त्याची कंबर गेली तेव्हा गोदानं स्टेशनच्या रस्त्यावर लिंबाखाली चूल मांडली आणि तिखट शेवया विकायला लागली. हातच्या शेवया, फोडणीत हिरवी मिरची अन् शेंगदाणे, पळसाच्या द्रोणात वाढायची. बाप माळकरी, म्हणून तिनं मटणाच्या दुकानांपासून लांबची जागा धरली. बाप कांदा-लसूणही खात नसे, म्हणून तिच्या शेवयांत कांदा नाही. गिऱ्हाईक कुरकुरायचं, तिनं ऐकलं नाही. जर्मनच्या लढाईच्या वर्षांत गहू दिसेनासा झाला, तरी बाजाराच्या दिवशी ती एका माणसापुरत्या शेवया राखून ठेवायचीच. सगळा ठेला मांडलेला बापासाठी, आणि बाप रस्त्यापलीकडं बसून घरून आणलेली गार भाकर खायचा.

लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचा घास घ्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. गोदाला लेकरू झालं नाही. लोकांनी जावयाला दुसरी करायचा सल्ला दिला, तो त्यानं धुडकावला, शहाणा माणूस. दाजीबाला मात्र शहाणपण शिकवायची सोय नव्हती. मी म्हणायचो, "अरे, रस्त्यावरची चूल ती. ना भिंत, ना दार. तिला घर काहून म्हनतो?" तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचा, "लेक जिथं रांधती, तिथं तिचं घर." गोदा यायची, त्याच्या पायाशी बसून गावाकडची चौकशी करायची. पण जेवायला चल, हे तिच्या तोंडून कधी निघालं नाही. रीत मोड म्हणून बापाला लेकीनं कसं सांगावं...

एकदा माझं टाळकं सरकलं. तिच्याकडून द्रोण घेऊन मी गाडीच्या आडोशाला आलो आणि दुसऱ्याच ठेल्यावरच्या आहेत म्हणून त्याच्या हातात दिला. त्यानं तो नाकाजवळ नेला, बराच वेळ तसाच धरला... मग मला परत दिला.

"कांदा न्हाई यात," तो म्हणाला. "हिंगोलीत बिनकांद्याच्या शेवया दुसरं कोन करतं?"

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. मी तडकलो. "तुझ्यासाठी करून राहिली ती. येवढं कळतं, मग खात काहून न्हाई?"

"आज खाल्लं म्हंजे मीच माझ्या तोंडानं म्हनल्यावानी व्हईल, का हिला आता लेकरू व्हनार न्हाई. बापानं म्हनावं का असं?"

मी जाऊन गोदाला बराबर तसंच सांगितलं. वाटलं, तिच्या मनातला सल तरी निघेल. ती चुलीत काटक्या सारत राहिली. मग म्हणाली, "काका, चाळिशी लागली मला. मी कवाच आस सोडली. बाला म्हनावं, तू बी सोड, अन् ये जेवायला." मी तेही पोचवलं. तो नुसता हसला आणि बैल जुंपायला लागला. असल्या माणसाशी डोकं फोडून घेण्यात अर्थ नव्हता, तरी मी वर्षानुवर्षं फोडून घेतलं.

दहाव्याला कयाधू नदीच्या काठी आम्ही जमलो. गोदा फडक्यात काहीतरी बांधून आली होती, मला वासानंच कळलं. मेलेल्याचं मन कशात अडकलं असलं की कावळा पिंडाला शिवत नाही, मग घरचे एकेक करून त्याची इच्छा पुरी करायचं कबूल करतात. तिनं तेच मनाशी धरलं होतं. सगळ्यांचं बोलून झालं, कावळा अडून बसला, की आपण पुढं व्हायचं आणि फडकं सोडून शेवया ठेवायच्या. पण पिंड ठेवून दाजीबाचा पुतण्या मागं सरतो न सरतो तोच कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. सगळ्यांना बरं वाटलं. कुणी म्हणालंसुद्धा, "सुखानं गेला दाजीबा. मनात कायबी राहिलं नव्हतं त्याच्या." मी तिथंच ओरडणार होतो, पण गोदाकडं बघून गप्प बसलो.

लोक अंघोळीला पाण्यात उतरले. ती वाळूतच बसून राहिली, मांडीवर फडकं, गाठ तशीच. मी जवळ जाऊन टेकलो.

"काका," ती म्हणाली, "कावळ्यानं जरा दम धरला असता, तर काय बिघडलं असतं?"