सातच्या एसटीची गोळी

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

शेजारच्या सुमनचं बाळ अंगावर पितं, म्हणून नर्सबाईंनी तिला कमी मात्रेची गर्भनिरोधक गोळी दिलीय. कागद मीच वाचून दाखवला होता. गोळीनं गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव दाट होऊन वाट अडते, पण ती रोज ठरल्या वेळीच घ्यायची. तीन तासांवर उशीर नको.

सुमनकडे घड्याळ नाही. आमच्या साखरशेत गावात सकाळी सातची एसटी आली की ती गोळी घेते. आज एसटी अकराला आली.

नर्सबाईंना फोन लावला. "गोळी चालू ठेवू दे, पण दोन दिवस नवराबायकोला लांब राहा म्हणावं."

सुमन हसली. "गुरुजी, त्याला तुम्हीच सांगा."

माझं घड्याळ तिला दिलं. जन्मभर वर्गात कवितांचे अर्थ सांगितले. संध्याकाळी तो घरी येईल, तेव्हा सुरुवात कोणत्या शब्दानं करू?