ईश्वरीला लातूरला नेलं तेव्हा

नांदेडला गाडी पोचली तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. चिपळूणहून पनवेल आणि तिथून रात्रभर बसून आल्यामुळे माझे गुडघे पार आखडले होते. पुलाच्या जिन्याची एकेक पायरी धरून धरून उतरले, तर खाली मिलिंद उभा. मिलिंद माझा धाकटा भाऊ. वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी नांदेडला आला, इथल्या वर्षाशी लग्न केलं आणि इथलाच होऊन गेला. नोकरी सुटल्यावर त्यानं वेफर्स, शेव, कुरकुरीत नळ्या असल्या पाकिटांची एजन्सी घेतली. भोकर-हदगावपर्यंतच्या खेड्यापाड्यांत त्याचा टेम्पो जातो.

त्यानं मला बोलावलं होतं ते मुलीसाठी. ईश्वरी बारा वर्षांची, सातवीत. वजन अडुसष्ट किलो. मानेभोवती काळसर पट्टा दिसू लागला होता आणि नांदेडच्या डॉक्टरांनी लातूरच्या एका तज्ज्ञ बाईंकडे न्यायला सांगितलं होतं. वर्षा पतसंस्थेत कामाला, तिला रजा मिळेना. "ताई, तू आलीस तर बरं. तुझं ती ऐकेल," मिलिंद फोनवर म्हणाला होता. पोरीला मी दोन वर्षांत पाहिलंही नव्हतं. माझंच का ऐकेल, ते त्यानं सांगितलं नाही, पण मला कळलं. माझं वजन ब्याण्णव आहे.

मी मात्र मनात वेगळाच बेत घेऊन निघाले होते. मराठवाडा म्हणजे ज्वारीची भाकरी, ठेचा, ताक. दहा-बारा दिवस तसं जेवले तर माझ्याही गुडघ्यांना आराम पडेल, असं मी शेजारणींना सांगूनच आले होते.

स्टेशनबाहेरच्या गाड्यावर मिलिंदनं सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा) मागवला. "एकदम हलका असतो, ताई." असेल. पण बशीच्या कडेला मिरचीची गरमागरम भजी होती, वर मूठभर शेव, आणि पाठोपाठ घट्ट गोड चहा. छान लागलं. दुसरी बशी मीच मागितली.

घराचा तळमजला म्हणजे गोदाम. छतापर्यंत खोकी रचलेली, दाराला कुलूप आणि किल्ली मिलिंदच्या खिशात. "घरात एक पाकीट फुटत नाही," तो अभिमानानं म्हणाला. वर गेलो तर ईश्वरी खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती. ढगळ शर्ट, ओढणी मानेभोवती गच्च गुंडाळलेली.

"येशील ना माझ्याबरोबर लातूरला?" मी विचारलं.

"हाव," ती म्हणाली.

आमच्याकडे हाव म्हणजे कधी न भागणारी लालसा. क्षणभर वाटलं, पोर स्वतःलाच नाव ठेवतेय. मग लक्षात आलं, इकडे हाव म्हणजे हो.

लातूरची वेळ दोन दिवसांनी होती. दुसऱ्या दिवशी ईश्वरी शाळेत, वर्षा कामावर, म्हणून मी टेम्पोत बसले. चालक मुख्तारभाई पन्नाशीचे, काडीसारखे बारीक. "आपा (मोठी बहीण), खिडकीकडं बसा, हवा लागंल," म्हणाले. भोकरच्या रस्त्याला लागलो. थंडीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना कापसाची बोंडं फुटलेली, कुठं तूर, कुठं हरभरा आणि सोयाबीन निघून गेलेली मोकळी रानं. ज्वारी कुठं दिसते म्हणून मी मान वळवून वळवून बघत होते. एका विहिरीजवळ चार ओळी दिसल्या. मुख्तारभाई म्हणाले, "ती वैरणीसाठी असंल."

भोकरच्या पुढे एका खेड्यात टेम्पो थांबला. ओसरीतच दुकान मांडलेल्या रुक्मिणबाई खोकी उतरून घेत होत्या. दारात तोरणासारख्या पाकिटांच्या माळा. मी पाणी मागितलं आणि विचारलं, "इथं घराघरात भाकरी होत असेल ना?"

"कुठली भाकर, बाई! ज्वारी पेरती कोण? समद्याइनं सोयाबीन लावलंय. रेशनचा गहू मिळतो. बाजारात ज्वारी घ्याया जावं तर गव्हापरीस महाग."

"मग मुलं सकाळी काय खातात?"

"माय-बाप उजाडताच रानात जातेत. लेकराच्या हातावर पाच रुपये ठेवतेत. लेकरू हितं येतं." त्यांनी माळेकडे बोट केलं. "म्या तरी काय करू? न्हाई दिलं तर रडतं. दिलं तर गप ऱ्हातं."

मला राग आला होता, पण कुणाचा ते ठरवता येईना. रुक्मिणबाईंनी पाण्याबरोबर माझ्यासमोर बिस्किटांचा पुडा फोडून ठेवला. पाहुण्याला नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणाल्या. मी चार खाल्ली.

हदगावला पोचेपर्यंत दोन वाजले. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात भाकरी मागितली तर मालक हसून म्हणाला, "भाकर आर्डरीवर हाय, बाई. धा जण असले तर आदल्या दिशी सांगायचं." मग पुरी-भाजी खाल्ली. मुख्तारभाईंनी माझ्यापेक्षा दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या, वर जिलबी. मी त्यांच्या हाडकुळ्या मनगटांकडे बघत राहिले.

"तुमचं वजन कसं वाढत नाही हो?"

"काय माहीत, आपा. तीस वर्षं हेच खायलो. माझा सख्खा भाऊ हेच खातो, तर त्याला शुगर हाय, बीपी हाय." त्यांनी हात पुसले. "डाक्टरला इचारलं मी. त्यालाबी न्हाई सांगता आलं."

लातूरला निघालो त्या सकाळी ईश्वरीला उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं, म्हणून अंधारातच गाडी काढली. लोहा, अहमदपूर मागे पडलं. मिलिंद गाडी चालवत होता आणि तिला हसवायचा प्रयत्न करत होता. ती खिडकीतून बाहेर बघत होती. लातूरच्या वेशीवर मागचं चाक बसलं. हवा भरत भरत कसेबसे दवाखान्यापर्यंत पोचलो. रक्त दिलं, तिला दूध-बिस्किटं दिली आणि दुपारपर्यंत नंबराची वाट बघत बसलो.

डॉक्टरबाई चाळिशीच्या होत्या, दमलेल्या दिसत होत्या, पण बोलणं मऊ. आमच्याशी न बोलता थेट ईश्वरीशीच बोलायला लागल्या.

"शाळेतून घरी कशी जातेस?"

"चालत."

"वाटेत दुकान नाही, गाडा नाही, असा रस्ता कुठं लागतो?"

ईश्वरीनं डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला लागली. फाटकाशी वडेवाला. मग बेकरी. मग वह्यांचं दुकान, तिथंही पाकिटं टांगलेली. मग औषधांचं दुकान, दारात आईस्क्रीमची पेटी. मग ट्यूशनच्या खाली नूडल्सची गाडी. "पाण्याच्या टाकीची भिंत आहे. तेवढाच."

"किती वेळ लागतो तेवढं चालायला?"

"दोन मिनिटं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मिलिंदला विचारलं, "तुम्ही काय करता?"

त्याच्या आधी ईश्वरीच म्हणाली, "बाबा पाकिटं विकतात. पण मला देत नाहीत. मी दुकानातून घेते."

मिलिंद फरशीकडे बघत होता. बाईंनी खाण्यापिण्याचा एक छापील तक्ता पुढे केला. "मी हा देते आहे. पण खरं सांगू? तुम्ही जिथं राहता तिथं हा पाळणं मलाही जमलं नसतं. पोरीला दोष देऊ नका, एवढं करा."

रिपोर्ट चारला मिळणार होते. मिलिंद चाक दुरुस्त करायला गेला आणि आम्ही दोघी जेवायला म्हणून पायी निघालो. तो क्लासांचा भाग होता. ओळीनं क्लास, वसतिगृहं, मेस, आणि पाठीला दप्तरं लावलेली शेकडो मुलं. हातात तक्ता धरून आम्ही चाललो होतो. पावभाजी, मोमो, केक, चायनीज, मिल्कशेक. एका फळवाल्याकडे केळी दिसली, तर तक्त्यात केळ्यावर फुली. शेवटी एका मेसवर पाटी सापडली, 'भाकरी-पिठलं'. आत एक बाई ओटा पुसत होत्या.

"संपलं, बाई. थोडंच केलं होतं."

"इतक्या लवकर?"

"क्लास सुटायला दोन-तीन वाजतेत. लेकरं गाड्यावरच खातेत. म्हैन्याचे पैसे भरतेत अन् निम्मे दिवस येतच न्हाईत. भाकरी वाया जाते, म्हणून मीबी आता कमीच थापते."

मी तक्त्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली. माझे गुडघे ठणकत होते आणि पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. समोरच्या गाड्यावर निलंगा राईस (हळद-तिखटाचा चमचमीत फोडणीचा भात) कढईतून वाफाळत होता. एक प्लेट घेतली आणि दोन चमचे. कट्ट्यावर बसून आम्ही खायला लागलो. दोन घास झाल्यावर ईश्वरी थांबली.

"आत्या, तुला भूक लागली की लाज वाटते का?"

पंचावन्न वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी चमचा खाली ठेवला. "वाटते," मी म्हटलं. "लग्नाकार्यात मी एकच पोळी घेते. मग घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्यानं खाते."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मी टाकीच्या भिंतीपाशी खाते. तिथं कुणी नसतं ना. वर्गात खाल्लं की मुली म्हणतात, अजून किती खाशील. म्हणून डबा पण तिथंच खाते, नाही तर टाकून देते. मग भूक लागते. मग पाकीट घेते." थोडं थांबून म्हणाली, "कुणाला सांगू नको हं."

मी मान हलवली. उरलेला भात आम्ही दोघींनी संपवला. चव फार चांगली होती.

परतताना अहमदपूरच्या अलीकडे ती माझ्या खांद्यावर झोपली. रिपोर्टात साखर काठावर होती. मिलिंद हळू आवाजात म्हणाला, "ताई, माझं कुठं चुकतंय? घरात तर मी काहीच ठेवत नाही." त्याचा आवाज इतका पडलेला होता की मला राहवलं नाही. मी त्याला भिंतीचं सगळं सांगून टाकलं. सांगताना वाटलं होतं, पोरीचं भलंच होईल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी तिला आणायला गेले, तर फाटकाजवळच्या वह्यांच्या दुकानाशी मिलिंदचा टेम्पो. तो दुकानातल्या पाकिटांच्या माळा स्वतःच्या हातानं उतरवत होता. दुकानदार शांतपणे बघत होता.

"न्या, साहेब, तुमचा माल हाय," तो म्हणाला. "तासाभरात दुसऱ्या कंपनीवाला येतो, त्याचा लावतो. माझा खिळा काही रिकामा राहत न्हाई."

मिलिंदचा आवाज चढला. "माझी पोर इथनंच घेते, कळतंय का तुम्हाला? टाकीपाशी लपून खाते ती!"

नेमकी तेव्हाच मुली बाहेर पडत होत्या. ईश्वरी मधोमध उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रडली नाही, ओरडली नाही. ओढणी घट्ट केली आणि एकटीच चालायला लागली. मी मागून हाका मारल्या, पण माझ्यानं भरभर चालवेना. तिला गाठता आलं नाही.

संध्याकाळी बाजारातून येताना बघितलं. त्याच खिळ्यांवर नव्या माळा लटकत होत्या. फक्त रंग वेगळा.

मी आणखी तीन दिवस राहिले. वर्षानं माझ्यासाठी कुठून तरी ज्वारी आणून भाकरी केली. ती थापता थापता म्हणाली, "ताई, मला सकाळी डबा करायला वीस मिनिटं मिळतात. त्यात मी आई होऊ, का डॉक्टर होऊ?" ईश्वरी जेवायला बसायची, माझ्याशी मात्र एक शब्द बोलत नव्हती. स्टेशनवरही आली नाही. मिलिंदनं सामान चढवलं आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "एजन्सी सोडू का, ताई?" गाडी हलली.

चिपळूणला परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, मराठवाड्यात काय खाल्लंस? मी सुशीला सांगितला, राईस सांगितला, वर्षाची भाकरी सांगितली. पण जे विचारायला हवं होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. जाताना माझ्याकडे सगळी उत्तरं होती. लोकांनी पूर्वीसारखं खावं, जिभेला आवर घालावा, आयांनी लक्ष द्यावं. आता मी बाजारात गेले की आमच्याच रस्त्यावरची दुकानं मोजते आणि मध्येच आकडा विसरते. दोष कुणाचा म्हणून बोट उचलते आणि समोर रुक्मिणबाई दिसतात, मिलिंद दिसतो, वर्षा दिसते, आरशात मी दिसते.

दर रविवारी मी नांदेडला फोन करायची. वर्षा म्हणायची, अभ्यास करतेय, झोपलीय. चौथ्या रविवारी ईश्वरीनं स्वतःच उचलला.

"तू बाबांना का सांगितलंस?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. कारणं बरीच होती, पण एवढंच म्हटलं.

ती म्हणाली, "आता सगळ्यांना माहीतच झालंय. म्हणून काल मी वर्गातच डबा खाल्ला. प्रिया शेजारी बसली."

"काय होतं डब्यात?"

"पोळी आणि साखरांबा. आणि प्रियाची भेळ पण खाल्ली."

साखरांबा तक्त्यात नव्हता, भेळही नव्हती. मला आनंद व्हावा की काळजी वाटावी, ते कळेना. वजन केलंस का, असं अगदी ओठावर आलं होतं. ते मागे घेतलं.

"कशी लागली?" मी विचारलं.

तिला हे बहुधा कुणी कधी विचारलंच नसावं.

"चांगली," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, हसू आवरत, "लई चांगली, आत्या."