झेंडा कोणाचा

माझा साळा सावरगावचा, मी पांढुर्ण्याचा. मधात जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे चालतात. नदीत रोवलेल्या झाडावरचा झेंडा जो काढून नेईल, त्याचं गाव जिंकते. त्या दिवशी मी जावई नसतो आणि तो साळा नसतो.

ही खोड आम्ही दोघांनी एरवीही वर्षभर जपली. त्यानं नागपुरातून सिनेमे पाहायचं ब्लू-रेचं मशीन आणलं, म्हणून, फक्त म्हणून, मी त्याच्या विरोधातलं, एचडी डीव्हीडीचं आणलं. दुकानदार सांगत होता, चित्र दोन्हींत सारखंच झकास दिसते, पण याची डिस्क त्याच्यात लागत नाही. मला तेच तर पाहिजे होतं. बायको म्हणाली, "सिनेमा पाहायचा आहे का गोटमार खेळायची आहे?"

पुढं माझ्या मशीनच्या डिस्क बाजारात निघणंच बंद झालं. साळा मुद्दाम पूल ओलांडून आला, सोफ्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "जिंकलो न, भाऊजी!" माझा नुसता जळफळाट झाला.

आता सिनेमे मोबाइलवरच येतात, त्याचंही मशीन कपाटावर धूळ खात पडलं आहे. परवा तो आला, तेव्हा त्याच सोफ्यावर आम्ही आपापल्या मोबाइलवर सिनेमे पाहत होतो. मधातच तो म्हणाला, "भाऊजी, नेट नाही, माझा सिनेमा अटकून राहिला."

"माझाही," मी म्हटलं. चिडायचाही कंटाळा आला होता.

बायकोनं चहा ठेवला, दोघांकडं पाहिलं. "मग, झेंडा कोणी नेला?"