गणूचा बाप

आमच्या पणजीचं नाव घरात कुणालाच आठवत नाही. ते कुठे सापडतं का पाहायला मी तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. आत्यानं चिठ्ठीवर तीन नावं लिहून दिली होती : माझे आजोबा गणू, त्यांची बहीण चिमा आणि त्या दोघांचे वडील येसू.

गावच्या जुन्या शिरगणतीची वही मोडी लिपीत होती. ती वाचायला आमच्या ओळखीचे निवृत्त मास्तर बरोबर आले होते. एकेका घराच्या कर्त्याचं नाव वाचत त्यांचं बोट खाली सरकत होतं. एका ओळीवर ते थांबलं.

“कर्ता, गणूचा बाप. रानात गेला आहे. गणू, वय तीन. चिमा, वय पाच.”

“बापाचं नाव नाही?”

“दारात बाई एकटीच असणार. ती नवऱ्याचं नाव कसं घेईल? कारकुनानं ती बोलली तसंच उतरवलं.”

तिच्या स्वतःच्या रकान्यात नुसतं ‘बायको’ होतं. म्हणजे नाव मिळालं नाहीच. पण जिचा एक फोटोही कुणी पाहिला नाही, तिचं बोलणं माझ्यासमोर होतं. माणसं मोजायला आलेल्या कारकुनानं नकळत तिचा आवाज ठेवून दिला होता. गणूला कडेवर घेऊन, पदर सारखा करत, परक्या माणसाला तिनं दिलेलं उत्तर मी इतक्या वर्षांनी ऐकत होतो.

“पणजोबांचं नाव काय म्हणालात?” मास्तरांनी विचारलं.

मला ते तिच्यासमोर मोठ्यानं घेववेना. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली.