झटका नाई, आबाजी!

कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचो तेव्हा अंग कितीही झटकलं तरी घरी आल्यावर कानामागून रुई निघायचीच. किस्स्यांचंही तसंच. नाचणगावच्या विहाराच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा म्हातारे रोज सकाळी मानेचा व्यायाम करतो, अन् रोज काहीतरी अंगाला चिकटून घरी येतं.

शिकवणारी प्रज्ञा. गावचीच पोर, वर्ध्याला फिजिओथेरपी शिकलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आबाजी, डोळे मिटा. खांदे सैल सोडा. मान हळूहळू डावीकडं न्या. झटका नाई! कुठं ओढते, कुठं दुखते, तिकडं फक्त लक्ष द्या."

माझ्या शेजारी किसन बसतो. तो म्हणाला, "पोरी, तिकडं लक्ष जाऊ नये म्हणून त डॉक्टर गोळी देते!"

*

खांदे सैल सोडले की किसन हमखास झोपतो. एकदा प्रज्ञानं हळूच विचारलं, "किसन आबाजी, मानेत कसं वाटून राह्यलं?"

किसन दचकला. "मीठ कमी आहे!"

*

याच किसनच्या नातीला पाहायला हिंगणघाटहून पाहुणे आले. चहा चालू होता. किसनची मान आखडली, म्हणून त्यानं डोळे मिटले अन् सावकाश मान डावीकडं नेली, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं.

मुलाच्या बापानं बशी खाली ठेवली. "आबाजीले पसंत नाई वाटते!"

नात आतून ओरडली, "नकार नाई जी, व्यायाम आहे!"

लग्न ठरलं. आता तो व्याही फोनवर किसनची तब्येत नाही, मान विचारतो.

*

आमच्यातल्या नामदेवचं मात्र हसण्यावारी न्यायचं नव्हतं. जन्मभर डोक्यावर ओझी वाहून मान लाकडासारखी झाली होती. मागं पाहायचं तर अख्खं अंग वळवायचा. रस्त्यावर एकदा मोपेड वळवताना ट्रकखाली येता येता वाचला. त्या दिवशी त्याच्या पोरानं, संजयनं, मोपेडची चाबी काढून घेतली. "बाबा, मान मागं वळली का चाबी देतो."

शेत लांब. पायी जाणं होईना. "वावर पाह्यलं नाई त मले घास जात नाई," नामदेव म्हणायचा, अन् रोज सगळ्यांच्या आधी ओट्यावर यायचा.

एका सकाळी एकदम ओरडला, "मले कडुलिंब दिसला!"

झाड ओट्याच्या मागं आहे. किसन म्हणाला, "झाड तिथंच होतं बे. तूच आज पोहोचला!"

*

मग परीक्षा. संजयचं मोबाइलचं दुकान घरालाच लागून. त्यानं बापाला फाटकात उभं केलं, तोंड रस्त्याकडं. "खांदे हलवायचे नाई. सांगा, मागं काय आहे?" आम्ही सगळे पाहायला गेलतो.

नामदेवनं श्वास घेतला. मान निघाली.

"झालं का बाबा?" बाजूला उभ्या संजयची मान मोबाइलात.

"थांब लेका. घाई नाई."

मान वळत वळत पार मागं गेली. "तुई माय आहे. हातात झाडू आहे. अन् बकरी तुया दुकानाचा नवा बॅनर खाऊन राह्यली."

"काय!" संजयनं गर्रकन मान फिरवली.

कट्ट!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी मोपेड थांबली. पुढं नामदेव. मागं संजय, मान वाकडी, नजर कडुलिंबावर अडकलेली.

नामदेवनं गाडी स्टँडवर लावली, चाबी खिशात टाकली अन् म्हणाला, "प्रज्ञा, याले बसव. मान वळली का चाबी देतो."