मामांचे फरमे

जगात दोन वस्तू तंतोतंत सारख्या करता येतात, यावर देवाहून जास्त श्रद्धा असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात उभी हयात गेल्यामुळे असेल, पण सारखेपणा त्यांच्या अंगात मुरला होता. नव्वदच्या सुमारास निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी वस्तू करायला घेतल्या आणि दारावर ‘स्टुडिओ’ अशी पाटी लावली. त्यामुळे पहिलं वर्षभर लोक भांग पाडून, पावडर लावून पासपोर्टचे फोटो काढायला येत. मामा त्यांना तसंच परत पाठवत नसत. स्टुलावर बसवत आणि ‘कसं वाटतंय?’ म्हणून विचारत.

वस्तू चारच: स्टूल, चौरंग, पुस्तकांची मांडणी आणि भिंतीवरची खुंटी. त्यांच्या प्रत्येक भागाचा प्लायवूडचा फरमा, म्हणजे लाकडावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचा नमुना, भिंतीवर नावानिशी टांगलेला असे. एका नगावरून दुसरा नग काढायला सक्त मनाई. ‘नगातली चूक पुढच्या नगात उतरते आणि तिथून वाढतच जाते,’ असं ते म्हणत. सुरगाण्याचे एक वयस्क सुतार हे त्यांचे एकुलते कारागीर. ते वैतागून म्हणायचे, ‘मामा, लाकूड हाय हे, छापायचा कागद नाय!’ मामा शांतपणे फरमा पुन्हा लावायला सांगत. स्टूल दोन इंच उंच करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी चहा पाजून दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला होता. लग्नाकार्यात गेले की यजमानांच्या खुर्च्या उलट्या करून खालून बघत. आमच्या साखरपुड्यात तर माझे काका खुर्चीवरून पुरते उठलेही नव्हते.

विकलेल्या स्टुलांना ते भेटायलाही जात. दिवाळीत फराळाचं निमित्त काढून देवळाली कॅम्पपर्यंत सायकल मारायची, स्टुलावर बसायचं आणि चकली खाता खाता ते डुगडुगतंय का ते बघायचं. त्या स्टुलाला खिळा नव्हता की सरस नव्हता. पाय नुसते खाचेत ठोकून बसवलेले. निघताना प्रत्येक घरी सांगायचे, ‘पाय मोडला तर घेऊन या. तोच पाय मिळेल. मी नसलो तरी मिळेल.’

‘मी नसलो तरी’ म्हणजे माझ्या भरवशावर, हे मला फार उशिरा कळलं. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘जावईबापू, बाकी काही नको. फरमे तेवढे सांभाळा.’ मी हो म्हटलं. मामा गेले, सुतार सुरगाण्याला परतले आणि फरमे आमच्या गच्चीवर येऊन पडले. दोन पावसाळे त्यांनी तिथे काढले. मग एका हिवाळ्यात बंबाला जळण नव्हतं. भोकं पडलेले प्लायवूडचे तुकडे, कुणाला काय उपयोग, असं म्हणत मी माझ्या हातांनी ते फोडले. चार दिवसांच्या आंघोळी झाल्या त्यावर. पाणी छान तापलं होतं, हे आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

पुढच्याच वर्षी देवळाली कॅम्पहून एक बाई रिक्षातून स्टूल घेऊन आल्या. एक पाय मधोमध मोडलेला. ‘स्टुडिओला कुलूप आहे. शेजाऱ्यांनी तुमचं घर दाखवलं,’ त्या म्हणाल्या. ‘मामा बोलले होते, पाय मिळेल म्हणून.’

फरमे जाळले, असं सांगायचं धैर्य मला झालं नाही. त्यांना बसायला सांगून मी आत गेलो. मामांनी आम्हाला लग्नात दिलेलं स्टूल उलटं केलं आणि त्याचा एक पाय ठोकून काढला. बाईंच्या स्टुलात तो रंधा न लावता, कानस न मारता बसला. मी वर बसून डोलून पाहिलं. जराही हललं नाही.

‘बघा, शब्दाचे पक्के होते तुमचे मामा,’ बाई खूश होऊन म्हणाल्या. मी स्टूल उचलून रिक्षापर्यंत नेऊन दिलं.

आमचं तीन पायांचं स्टूल तेव्हापासून भिंतीला टेकून आहे. ‘एखाद्या सुताराला दुसरा पाय दाखवून चौथा करून घ्या की,’ असं ही अधूनमधून म्हणते. नगावरून नग काढायचा नसतो, असं मी तिला सांगतो. होईलही तसा पाय. पण मामांना दिलेला शब्द मी मोडला, आणि तो दुरुस्त झाल्यासारखा दिसू नये, म्हणून मी ते तसंच ठेवलंय.